पायाखालची ऊब

“फरशीच्या खाली वीज? आणि तिच्यावर मी अनवाणी चालायचं? त्यापेक्षा मला सरळ वाईला नेऊन सोडा!”

आईने एका दमात जाहीर करून टाकलं आणि पुन्हा भाजी निवडायला घेतली. माझ्या धाकट्या बहिणीने माझ्याकडे बघितलं, मी जावईबापूंकडे. कुणी काही बोललं नाही. आईने ‘वाईला सोडा’ म्हटलं की तो विषय त्या दिवसापुरता संपतो, हे आम्हा दोघींना लहानपणापासून माहीत आहे.

ही गोष्ट २०२३ च्या सप्टेंबरमधली. टोरांटोजवळच्या मिसिसागा गावात धाकटीचं घर आहे. बाबा गेल्यावर आई तिच्याकडे राहायला गेली. मी तीन महिन्यांसाठी गेले होते. घर नवऱ्यावर आणि वस्तीतलं काम दोन मैत्रिणींवर टाकून. निमित्त आईला भेटायचं, पण खरं कारण होतं आईचे पाय.

आईला वीस वर्षांचा मधुमेह. तळपायांची जाणीव हळूहळू कमी होत गेलेली. आदल्या हिवाळ्यात पाय गार पडतात म्हणून ती रोज रात्री गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपायची. एका रात्री पिशवी जास्त गरम होती. आईला कळलंच नाही. सकाळी मोजा काढायला गेली तर तो कातडीला चिकटलेला. टाचेवर मोठा फोड आला आणि त्याची जखम भरायला तीन महिने लागले. पायाच्या डॉक्टरांनी पिशवी कायमची बंद केली.

आता जे सांगते ते सांगायला मला बरं वाटत नाही. आमच्या वस्तीत आम्ही मधुमेही बायकांसाठी पाय तपासणीची शिबिरं घेतो. नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून ‘कळतंय का?’ असं विचारायचं, ही साधी तपासणी. ‘दुखत नाही, म्हणजे बरंच आहे की’ म्हणणाऱ्या बाईची मी सगळ्यात जास्त काळजी करते. पाय शेकू नका, पाणी कोपराने बघूनच पायावर घ्या, हे वाक्य मी हजार वेळा म्हटलं असेल. आणि माझी स्वतःची आई फोनवर “पाय बर्फासारखे झालेत गं” म्हणाली, तेव्हा मीच म्हणाले होते, “अगं, मग पिशवीने शेक ना जरा!” दुसऱ्यांच्या आयांना शिकवताना आपल्या आईचे पाय तपासायचे राहून गेले.

तर, पिशवी बंद झाली, पण गारठा थोडाच बंद होणार? तिकडे घरभर गरम हवा खेळवलेली असते. मात्र आईच्या खोलीला लागून असलेली बाथरूम नेमकी गॅरेजच्या वर. गॅरेज थंडगार, त्यामुळे फरशीही थंडगार. आईने तिथे तीन पायपुसणी अंथरली होती. त्यातल्या एकावरून ती दोनदा घसरली. तिकडच्या बाथरूमची जमीन आपल्यासारखी ओली नसते. पाणी सगळं टबात, बाहेर कोरडं. तरीही पायाला जमीन नीट कळत नसेल तर सरकणारं पायपुसणं म्हणजे संकटच. म्हणून जावईबापूंनी ठरवलं, जुनी फरशी काढायची, नवी न घसरणारी बसवायची आणि तिच्याखाली सिमेंटच्या मालात विजेची केबल पुरायची. फरशीच गरम राहिली की पायपुसण्यांची गरज नाही.

आईचं मन वळवलं ते मात्र काश्मीरने. पूर्वी बाबांबरोबर ती श्रीनगरला गेली होती, तेव्हा तिने हमाम बघितला होता. दगडी फरशीच्या खाली पोकळी, तिच्यात लाकडं जाळायची आणि वर माणसं गरम दगडावर बसणार. कोरियातही जुन्या घरांमध्ये चुलीचा धूर जमिनीखालून फिरवत. धाकटी म्हणाली, “आई, तोच हमाम समज. लाकडाऐवजी तार.” आई जरा विचारात पडली. मग म्हणाली, “पण अमावास्येला सुरुवात नको.” सर्वपित्री शनिवारी होती, म्हणून माल घालायचं काम रविवारी, घटस्थापनेला ठरलं. केबल अंथरायला मात्र आम्ही अमावास्येलाच बसलो. ते तिला सांगितलं नाही.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. वीज म्हटलं की बटण दाबणं आणि बिल भरणं, एवढाच माझा संबंध. पण जावईबापूंनी माझ्या हातात मल्टिमीटर आणि एक वही दिली. “ताई, तुम्ही फक्त मोजायचं आणि लिहायचं.” केबलच्या गुंडाळीवर कारखान्याची पट्टी होती, १२० व्होल्ट, ४८० वॉट, रोध ३० ओहम. गुंडाळी उलगडण्याआधी एकदा मोजायचं, अंथरून झाल्यावर एकदा, मालाखाली गेल्यावर एकदा आणि फरशी बसल्यावर पुन्हा एकदा. आकडा तोच आला पाहिजे. शिवाय तार आणि अर्थिंग यांच्यात मीटरने काहीच दाखवता कामा नये. मी पहिला आकडा लिहिला, ३०.२. चाचणी परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

केबल अंथरणं हे बायकांचंच काम आहे, असं माझं मत झालं. प्लायवूडच्या तळावर ऊब खाली गॅरेजमध्ये पळू नये म्हणून आधी एक उष्णतारोधक बोर्ड चिकटवला. त्यावर खाचा असलेल्या पट्ट्या ठोकल्या आणि त्या खाचांत केबल नागमोडी अडकवत न्यायची. दोन ओळींमध्ये तीन इंच अंतर. एक ओळ दुसरीला शिवता कामा नये, ओलांडता तर मुळीच नाही. जिथे शिवेल तिथे दुप्पट तापेल आणि जळेल. भिंतीपासून लांब, कमोडच्या भोकापासून लांब. बेसिनच्या कपाटाखाली आणि टबाखाली अजिबात नाही, कारण तिथली उष्णता वर जायला वाट नाही, ती साठून राहणार. ७२ चौरस फुटांची बाथरूम, पण केबल लागणार ती फक्त मधल्या ४० चौरस फुटांना. एकूण १६० फूट.

आणि दुपारी चार वाजता, सगळं अंथरून झाल्यावर, ११ फूट केबल उरली!

मी सहज म्हणाले, “कापून टाका की.” धाकटीने डोक्याला हात लावला. ही केबल कापायची नसते. ती साडी नव्हे, पदराच्या टोकाचा ब्लाउजपीस काढून घ्यायला. तारेची लांबी कमी केली की तिचा रोध कमी होतो, वीज जास्त धावते आणि उरलेली सगळी तार प्रमाणाबाहेर तापते. म्हणून जेवढी आहे तेवढी बसवायचीच. जमीन मोजताना आम्ही दाराकडचा कोपरा विसरलो होतो. अर्धी केबल उसवली, पुन्हा घातली. संध्याकाळी सात वाजता शेवटचं टोक बसलं. आई खुर्ची टाकून दारात बसली होती. “विणकामच की हे,” म्हणाली. “टाका चुकला की उसवायचं.”

दोन ओळींच्या बरोबर मधे एक बारीक नळी ठेवली आणि तिच्यात तापमान मोजणारी तार सरकवली. नळी अशासाठी, की ती तार पुढे कधी बिघडली तर फरशी न फोडता ओढून काढता यावी. “म्हणजे हिची नाडी बघायची सोय,” आई म्हणाली. आईच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच होती. पायाला कळत नाही, तर फरशीने स्वतःच थांबलं पाहिजे. २८ अंश झाले की बंद, त्याच्या वर नाही. शेवटी मी सगळ्या केबलचे फोटो काढले, शेजारी मोजपट्टी ठेवून. कुठली ओळ भिंतीपासून किती इंचांवर, हे उद्या दिसणार नव्हतं.

रविवारी सकाळी घट बसले, आरती झाली आणि दुपारी माल कालवायला घेतला. आधी केबल पूर्ण बुडेल एवढा पातळ थर द्यायचा, तो घट्ट झाला की त्यावर दुसऱ्या मालात फरशी बसवायची. केबल मालात सगळीकडून गच्च बसली पाहिजे. एखादी जागा पोकळ राहिली तर तिथली उष्णता बाहेर पडत नाही आणि तार तिथेच जळते. पुरणपोळीत पुरण कडेपर्यंत जावं तसा माल प्रत्येक वळणाखाली गेला पाहिजे. साध्या तारेचा आणि तापणाऱ्या तारेचा सांधासुद्धा मालातच हवा, भिंतीत नको. जावईबापूंनी त्याच्यासाठी बोर्डात खाच पाडून ठेवली होती. आणि सक्त ताकीद होती, लोखंडी थापी वापरायची नाही. सगळी अवजारं प्लॅस्टिकची.

आई बघत होती. वाईच्या घरात माजघर शेणाने सारवलेलं, ओसरीला चोपणं मारून घट्ट केलेली मातीची जमीन आणि स्वयंपाकघरात शहाबादी. सारवताना आईचा हात कसा अर्धगोल फिरायचा ते मला अजून दिसतं. “थांबू नको, एका हाताने जाऊ दे,” ती जावईबापूंना सांगत होती आणि ते खरंच तिचं ऐकत होते.

बादलीच्या तळाशी चिकटलेला माल खरवडायला मी स्वयंपाकघरातून उलथनं आणलं होतं. स्टीलचं. बादली झाली. तेवढ्यात कमोडच्या भोकाजवळ मला मालाचा एक उंचवटा दिसला. तो सुकला असता तर फरशी वर आली असती. जावईबापू दुसऱ्या टोकाला होते, धाकटी नवा माल कालवत होती. मी वाकले आणि उलथन्याने तो उंचवटा सपकन काढला. काढताना हाताला काहीतरी लागलं. अळूच्या देठाची शीर सोलताना सुरी अडकते ना, तसं. क्षणभरच. मी वर प्लॅस्टिकच्या थापीने माल सारखा केला. कुणी बघितलं नव्हतं.

काम संपल्यावर मी मीटर लावला. ३०.१. अर्थिंगशी काही नाही. “परफेक्ट!” जावईबापू म्हणाले. मी वहीत आकडा लिहिला, पुढे बरोबरची खूण केली. मीटर खोटं बोलत नाही, मग मी कशाला काही बोलू? कदाचित पट्टीच लागली असेल. सकाळी फरशी बसवायची होती.

रात्री दोन वाजता मी छताकडे बघत पडले होते. शेजारच्या पलंगावरून आई म्हणाली, “काय गं, घटाचा दिवा बघून येऊ का?” तिला वाटलं मला तिथली काळजी आहे. मग मी सांगितलं. उलथनं, उंचवटा, हाताला लागलेलं. आणि मीटर ठीक आहे, तेही सांगितलं.

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माझ्या पायाला कळलं नाही म्हणून फोड आला. तुझ्या हाताला कळलंय ना? मग उद्या फरशी लागायच्या आत सांग. नंतर कोण खणणार आहे?”

सकाळी सहा वाजता चहाच्या टेबलावर मी सांगितलं. वाटलं होतं, समजून घेतील. कसलं काय! धाकटी कडाडलीच. “तुला कुणी सांगितलं होतं उलथनं आणायला?” जावईबापू काही बोलले नाहीत. ते बाथरूमच्या दारात जाऊन उभे राहिले, त्या गुळगुळीत राखाडी जमिनीकडे बघत. अर्धा तास तरी घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मला आयुष्यात इतकं परकं कधी वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी इलेक्ट्रिशियन आला. तसाही तो शेवटची जोडणी करायला येणारच होता. तिकडे पैसे देऊन हे काम करून घ्यायचं तर परवानाधारक माणूसच लागतो, आणि सरकारी तपासणीसाठी आधी नोंदही करावी लागते. हा मूळचा जालंधरचा, आईला आल्याआल्या “माताजी” म्हणून वाकला. त्याने त्याचं मेगर नावाचं यंत्र काढलं. त्याने मला समजावलं ते असं. तुमचा मीटर छोट्याशा बॅटरीवर चालतो. तार तुटली तर तो सांगेल, पण वरचं आवरण थोडंसं कापलं गेलं असेल तर त्याला पत्ता लागत नाही. हे यंत्र ५०० व्होल्टचा दाब देऊन आवरणाची परीक्षा घेतं. आकडा जितका मोठा तितकं आवरण धडधाकट.

आकडा कोसळला. मला यंत्र वाचता येत नव्हतं, पण त्याचा चेहरा वाचता येत होता.

मी फोटो काढले. कमोडच्या भोकापासून नऊ इंच, भिंतीपासून अकरा. हाताने जागा दाखवली. माल एक दिवसाचा, कडक झालेला पण अजून पुरता पिकलेला नाही. त्याने हलक्या हाताने छिन्नी चालवत एक वहीएवढा तुकडा मोकळा केला आणि ब्रशने झाडला. केबलच्या अंगावर नखाएवढी चीर होती. वरचं आवरण, त्याखालची अर्थिंगची जाळी आणि आतल्या एका तारेचं रबर. माझ्या उलथन्याची धार इतकी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तशीच फरशी बसवली असती तर काय झालं असतं, हे मी त्याला विचारलंच. आईला शॉक बसला असता का? तो म्हणाला, नाही, त्यासाठीच तर थर्मोस्टॅटमध्ये संरक्षक बटण असतं, पाच मिलीअँपिअर वीज जरी भलतीकडे गेली तरी ते पुरवठा तोडतं. पण मग फरशी पहिल्याच दिवशी बंद पडली असती. रोज बटण उडालं असतं, केबलला, थर्मोस्टॅटला, कंपनीला शिव्या बसल्या असत्या आणि शेवटी तापमान टिपणारा कॅमेरा आणून, नव्या कोऱ्या फरश्या फोडून शोध घ्यावा लागला असता. कारण फक्त मला माहीत असतं.

इथे एक सांगायला हवं. आपल्याकडे याच कामासाठी ३० मिलीअँपिअरचं बटण मिळतं, ई.एल.सी.बी. म्हणून दुकानदार ओळखतात. आमच्या वस्तीत घरोघरी बादलीत पाणी तापवायचा रॉड आहे, पण हे बटण किती घरांत असेल? ओल्या हाताने बादलीचं पाणी चाचपणाऱ्या बायका मी रोज बघते. परत आल्यावर आम्ही पायांच्या शिबिरातच हाही विषय घेतो.

दुरुस्तीला तासभर लागला. केबलच्या कंपनीचाच दुरुस्ती संच मिळतो. खराब जागा कापून, तारांवर धातूच्या नळ्या दाबून सांधा केला, वर गरम हवेने आवळणारं आवरण चढवलं, अर्थिंगची जाळी जोडली. पुन्हा मेगर. या वेळी आकडा वर गेला आणि वरच राहिला. माझा मीटर ३०.२. मी आधीच्या आकड्यापुढची बरोबरची खूण खोडली आणि खाली नवा आकडा तारखेसह लिहिला. संच आणि इलेक्ट्रिशियनची जादा फी मी दिली. शालींसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. जावईबापू नको म्हणत होते, पण फार जोरात नाही.

बुधवारी फरशी बसली. पण लगेच चालू करायचं नाही. गरम केलं तर आतला ओलावा घाईने उडतो, माल तडकतो, फरशीची पकड सुटते. संचावर सात ते अठ्ठावीस दिवस लिहिलं होतं, आम्ही अठ्ठावीस धरले. “बाळंतिणीला सव्वा महिना, हिला अठ्ठावीस दिवस,” आई म्हणाली आणि कॅलेंडरवर रोज एक फुली मारू लागली. दिवाळीत अभ्यंगस्नानाला फरशी थंडच होती. आई मोजे घालून, प्लॅस्टिकच्या स्टुलावर पाय ठेवून बसली.

मला इथे आल्यापासून बरेच जण विचारतात, आपल्याकडे हे करावं का? पुण्यात, मुंबईत कशाला? चार दिवसांच्या थंडीला सुती मोजे आणि लाकडी पाट पुरतो. शिवाय आपल्या बाथरूममध्ये रोज धबाधबा पाणी ओततो आपण. खर्चाचं म्हणाल तर ४८० वॉट म्हणजे गीझरच्या पाव भागाएवढं. चार तास चाललं तर दोन युनिटही नाहीत. पण ज्यांची मुलंबाळं बर्फात राहतात आणि जे आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना तिकडे नेतात, त्यांनी विचार जरूर करावा. तापलेल्या फरशीवर रबरी पायपुसणं मात्र अंथरू नका. उष्णता खाली कोंडते. आईची तिन्ही पायपुसणी धाकटीने गॅरेजात नेऊन टाकली. आईने त्यातलं एक परत आणलं. पुन्हा टाकलं.

भाऊबीजेच्या दिवशी अठ्ठावीस दिवस भरले. सकाळी बटण लावलं. थर्मोस्टॅटवर आकडा हळूहळू चढत होता, सोळा, सतरा, अठरा. तासाभराने आईला बोलावलं. ती चपला दाराशी काढून आत गेली, मधोमध उभी राहिली. आम्ही तिघं दारात.

“कळतंय का?” मी विचारलं. शिबिरात विचारते तसंच.

“नाही,” आई म्हणाली. “पावलांना काही कळत नाही गं.”

धाकटीचा चेहरा उतरला. आई टबाचा काठ धरून सावकाश खाली वाकली आणि हाताची मागची बाजू फरशीला टेकवली. सारवण वाळलं का बघायला टेकवायची, तशी. बराच वेळ ठेवली. मग सरकून तिने दुसऱ्या फरशीला टेकवली, मग कमोडजवळच्या, जिथे सांधा आहे त्या फरशीला.

“इथे पण लागतंय,” ती म्हणाली.

परत यायच्या दिवशी मी स्वयंपाकघरात माझ्यापुरती दशमी करायला घेतली, तर उलथनं सापडेना. जावईबापूंनी ते गॅरेजात, अवजारांच्या खिळ्यावर टांगलं होतं. मुठीला चिकटपट्टी लावून वर मराठीत लिहिलं होतं, ‘फक्त बादलीसाठी’.